रक्तवाहिन्या मोकळ्या, तरी पंपिंग ३० टक्के : अशा वेळी हृदयाचा एमआरआय काय सांगतो?

प्रश्न : माझे वडील ५२ वर्षांचे आहेत, एसटीत चालक आहेत. तीन महिन्यांपासून जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी पायांवर सूज येते. टूडी इकोत हृदय मोठं झालंय आणि पंपिंग ३० टक्के आहे असं आलं. अँजिओग्राफी केली, एकही ब्लॉक नाही. आता डॉक्टर हृदयाचा एमआरआय करायला सांगतात. काका म्हणतात, इको झाला, अँजिओ झाली, आता आणखी खर्च कशाला? वडिलांच्या उजव्या मांडीत जुन्या अपघातानंतर बसवलेला रॉड आहे, क्रिएटिनिन १.४ आहे. या तपासणीने उपचारात खरंच काही बदलणार आहे का?

उत्तर :

करून घ्या. गेली अठरा वर्षं मी पुण्यात हृदयाचे एमआरआय वाचतो आहे आणि 'तुम्हाला याची गरज नाही' असं सांगून परत पाठवलेली माणसंही पुष्कळ आहेत. तुमच्या वडिलांना मी परत पाठवणार नाही. पण काकांची शंका रास्त आहे. पैसे घरातूनच जाणार असतील तर त्यातून काय मिळणार हे विचारायलाच हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विहिरीवरची मोटर पाणी कमी फेकायला लागली की आपण आधी पाइपलाइन बघतो. ती मोकळी निघाली तर मोटर खोलावी लागते. वायंडिंग जळलंय, बेअरिंग गेलंय, की नुसतं व्होल्टेज कमी पडतंय? तिन्हींत पाणी कमीच येतं, पण दुरुस्ती वेगळी. इकोने तुम्हाला सांगितलं की पाणी कमी येतंय. अँजिओग्राफीने सांगितलं की पाइप मोकळे आहेत. हृदयाचा स्नायू आतून कसा आहे, हे या दोन्ही तपासण्यांत दिसत नाही. इको ध्वनिलहरींवर चालतो. त्याला भिंतीची जाडी आणि हालचाल छान दिसते, पण ती भिंत जिवंत स्नायूची आहे, सुजलेली आहे, की तिथे वण तयार झालाय, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. पूर्वी हे कळायला स्नायूचा तुकडा काढूनच बघावा लागे. आज बहुतेकांच्या बाबतीत ते काम एमआरआयवर भागतं.

वण कसा दिसतो ते सांगतो, कारण या तपासणीचं सगळं मोल तिथे आहे. हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम असलेलं औषध देतात; आमच्याकडे सगळे त्याला कॉन्ट्रास्ट किंवा डाय म्हणतात. हे औषध जिवंत पेशीच्या आत शिरू शकत नाही, पेशींच्या मधल्या फटींतच फिरतं. निरोगी स्नायूत पेशी दाटीवाटीने असतात, फटी थोड्या, त्यामुळे औषध आलं तसं वाहून जातं. वण पडलेल्या जागी पेशी मेलेल्या असतात, फटी मोठ्या असतात, तिथे ते रेंगाळतं. निचऱ्याच्या रानात पाऊस थांबला की दोन दिवसांत वापसा येतो आणि चोपण जमिनीत पाणी साचून राहतं, तसंच. म्हणून औषध दिल्यावर आम्ही मुद्दाम दहा-पंधरा मिनिटं थांबतो आणि मग चित्रं घेतो. निरोगी स्नायू काळा दिसेल अशी वेळ साधलेली असते. जिथे वण असतो तिथे पांढरं चमकतं.

आणि नुसतं 'चमकतंय' एवढंच नव्हे, ते कुठे चमकतंय यावरून कारणाचा माग लागतो. रक्तवाहिनी बंद पडून आलेल्या अटॅकचा वण नेहमी भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होतो आणि बाहेरच्या दिशेने वाढत जातो, कारण रक्त तुटलं की सगळ्यात आधी आतला थर मरतो. शिवाय तो त्या एका वाहिनीच्या हद्दीतच राहतो. मायोकार्डायटिस, म्हणजे बहुधा विषाणूमुळे स्नायूला येणारी सूज, ही उलट बाहेरच्या थरात, बहुतेकदा डाव्या कुशीकडच्या भिंतीवर दिसते. स्नायूच्याच आजारात दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मधोमध खडूने ओढल्यासारखी एक बारीक पांढरी रेघ येते. अमायलॉइडमध्ये, म्हणजे एक विकृत प्रथिन हृदयात साचत जातं त्या आजारात, सगळा आतला थर धूसर उजळतो आणि निरोगी स्नायू काळा करायची वेळच नीट सापडत नाही. अनुभवी डोळ्याला ती अडचण हीच निदानाची खूण असते.

आता तुमच्या वडिलांकडे वळू. अँजिओग्राफी स्वच्छ, हृदय फुगलेलं, पंपिंग ३०. अशा ६३ रुग्णांचे एमआरआय लंडनच्या एका गटाने २००३ साली प्रसिद्ध केले होते. त्यांतल्या ५९ टक्के रुग्णांत वण नव्हताच. २८ टक्क्यांत ती मधली रेघ होती. आणि १३ टक्के रुग्णांत चक्क जुन्या अटॅकचा वण निघाला, अँजिओग्राफी स्वच्छ असूनही! गुठळी येऊन वाहिनी काही काळ बंद पडली, नुकसान झालं आणि नंतर गुठळी विरघळून वाट पुन्हा मोकळी झाली, असं घडू शकतं. अँजिओग्राफीला आजची वाट मोकळीच दिसणार. पण अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, आयुष्यभर लागू शकते, जी इतरांना लागेलच असं नाही. काकांच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर झालं.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे आणि वडिलांच्या नोकरीशीही त्याचा संबंध आहे. पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली असलेल्या माणसाला हृदयाचे घातक ठोके सुरू होऊन अचानक मृत्यू येण्याचा धोका असतो. तो टाळायला छातीत आयसीडी नावाचं यंत्र बसवतात. ते ठोके ओळखून आतूनच झटका देतं. पण ते सगळ्यांना बसवावं का? डेन्मार्कमध्ये ब्लॉक नसलेल्या, पंपिंग कमी असलेल्या १,११६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१६ साली आले. आयसीडीने अचानक मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, पण एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांना बसवण्यात फायदा दिसला नाही. मग ज्याला खरंच गरज आहे तो माणूस ओळखायचा कसा? इथे ती पांढरी रेघ उपयोगी पडते. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या अशा ४७२ रुग्णांचा पाच वर्षांहून अधिक पाठपुरावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. रेघ असलेल्या १४२ जणांपैकी ४२ जणांना अचानक मृत्यू किंवा त्याच्या उंबरठ्यापर्यंत नेणारे ठोके आले. रेघ नसलेले ३३० होते, त्यांच्यात असे २३ निघाले. शेकड्यात सांगायचं तर जवळजवळ तीस विरुद्ध सात.

नुसता वण दिसला म्हणून कोणी उद्याच आयसीडी बसवत नाही. औषधं किमान तीन महिने पूर्ण मात्रेत देऊन, पुन्हा पंपिंग पाहून, वय आणि बाकी आजार बघून हा निर्णय होतो. पण त्या निर्णयाच्या दिवशी तुमच्या डॉक्टरांच्या हातात हा कागद असावा असं मला मनापासून वाटतं. वडील चालक आहेत म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगतो. पंपिंग ३० असताना त्यांनी प्रवासी गाडी चालवू नये, हृदयरोगतज्ज्ञ लेखी परवानगी देईपर्यंत तरी नक्कीच नाही. आणि पुढे आयसीडी बसलंच, तर व्यवसाय म्हणून अशी वाहनं चालवायला बहुतेक मार्गदर्शक सूचनांची मनाई आहे. यंत्र बसवणं म्हणजे घरातली रोजीरोटी बदलणं असेल, तर तो निर्णय अर्ध्या माहितीवर घेऊ नये.

वण नाहीच, असं आलं तर? तशी शक्यता चांगली आहे आणि मला तेव्हा अहवाल लिहिताना बरं वाटतं. वण नसलेला अशक्त स्नायू औषधांना चांगला प्रतिसाद देतो. दारू हे कारण असेल आणि ती पूर्ण सुटली, वेगाने चालणारे ठोके कारण असतील आणि ते ताब्यात आले, तर ३० वरून ५०-५५ वर आलेली हृदयं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण तिथेच एक फसगत होते. पंपिंग सुधारलं की माणसं गोळ्या बंद करतात. इंग्लंडमध्ये ५१ जणांवर नेमकी हीच गोष्ट तपासून पाहिली गेली, २०१९ साली ती प्रसिद्ध झाली. हे सगळे पूर्ण बरे झालेले रुग्ण होते. ज्यांची औषधं हळूहळू बंद केली त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांचं हृदय सहा महिन्यांच्या आत पुन्हा बिघडलं. तेव्हा वडिलांचा रिपोर्ट पुढे कितीही चांगला आला तरी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही.

तिसरी शक्यता आपल्या देशात विसरून चालत नाही. पडद्याच्या वरच्या भागात ठिपक्याठिपक्यांनी वण, सोबत ईसीजीत ब्लॉक (इथे रक्तवाहिनीतला नव्हे, ठोक्याच्या विजेच्या वाटेतला अडथळा), छातीत सुजलेल्या गाठी. हे चित्र सारकॉइडचं, म्हणजे अवयवांत सुजेच्या बारीक गाठी करणाऱ्या आजाराचं, असू शकतं आणि क्षयाचंही. पाश्चात्त्य पुस्तकं इथे सारकॉइडवर थांबतात. आपल्याला थांबता येत नाही. एकाला स्टेरॉइड लागतं. दुसऱ्याला क्षयाची औषधं न देता नुसतं स्टेरॉइड दिलं तर आजार उफाळतो. एमआरआय या दोघांत खात्रीने फरक करू शकत नाही, पण गाठ कुठून तपासायला घ्यायची हे दाखवतो, आणि त्या गाठीची बायॉप्सी उत्तर देते. अशा रुग्णाला 'पंपिंग कमी आहे' म्हणून नुसत्या हृदयाच्या गोळ्या देत राहिलो तर महिने वाया जातात.

तुम्ही लिहिलं नाही, पण मी समोर असतो तर हे विचारलं असतं : घरात कोणी चाळिशी-पन्नाशीच्या आत झोपेत किंवा खेळताना अचानक गेलंय का? आजोबा, चुलते, आत्या? भारतीय उपखंडात 'एमवायबीपीसी३' या जनुकातला पंचवीस अक्षरांचा एक तुकडा गळालेली माणसं शंभरात साधारण चार आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००९ साली दाखवून दिलं. त्यांतल्या सगळ्यांना आजार होत नाही, पण स्नायूच्या आजाराची शक्यता वाढते. उत्तर 'हो' असेल तर ते एमआरआयच्या फॉर्मवर लिहायला लावा, आणि तुमचा स्वतःचाही इको एकदा करून घ्या.

फॉर्मवर काय लिहिलंय याला मी एवढं महत्त्व का देतो, त्यामागे माझीच एक चूक आहे. बरीच वर्षं झाली. उल्हासनगरहून सतरा वर्षांचा एक मुलगा आला होता. फॉर्मवर फक्त 'कार्डियाक एमआरआय, पंपिंग कमी' एवढंच. मी नेहमीची सगळी चित्रं घेतली, वण नाही असा अहवाल लिहिला आणि मुलगा घरी गेला. त्याला थॅलेसेमिया होता, लहानपणापासून दर काही आठवड्यांनी रक्त चढत होतं, हे मी विचारलंच नाही. रक्त चढवत राहिलं की त्यातलं लोह हृदयात साचतं. ते मोजायची 'टी टू स्टार' नावाची पद्धत लंडनच्या त्याच रुग्णालयातून २००१ साली पुढे आली. एका श्वासाच्या थांब्यात ती होते. आकडा २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर ठीक, १० च्या खाली असेल तर हृदय कधीही कोलमडू शकतं. रक्तातल्या फेरिटिनवरून, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनावरून, किंवा यकृतातल्या लोहावरून हृदयातलं लोह ओळखता येत नाही, कारण यकृत स्वच्छ आणि हृदय लोहाने भरलेलं असंही सापडतं. दोन महिन्यांनी त्याच्या डॉक्टरांनी पुन्हा पाठवलं तेव्हा आकडा आला ८. लोह बाहेर काढणारी औषधं वाढवली, मुलगा सावरला. पण ते दोन महिने माझ्यामुळे गेले. पंधरा सेकंदांचं काम होतं. तेव्हापासून रुग्ण टेबलावर जाण्याआधी मी स्वतः बाहेर येऊन बसतो आणि विचारतो, तुम्हाला इथे नेमकं कशासाठी पाठवलंय?

म्हणून तुम्हीही डॉक्टरांकडून फॉर्मवर स्पष्ट प्रश्न लिहून घ्या. 'डायलेटेड कार्डिओमायोपथी, अँजिओ नॉर्मल, कारण आणि वण पाहणे, आयसीडीच्या निर्णयासाठी' इतकं असलं तरी पुरे. (डायलेटेड कार्डिओमायोपथी म्हणजे फुगून अशक्त झालेलं हृदय.) हृदयाचा एमआरआय हा एकच एक फोटो नसतो. हालचालीचे चलचित्र, सुजेची चित्रं, लोह, रक्ताचा प्रवाह, वण असे पंधरा-वीस वेगवेगळे प्रकार असतात आणि प्रश्नाप्रमाणे त्यांतले निवडावे लागतात.

तपासणी केंद्र निवडताना 'तीन टेस्लाचं मशीन आहे' या जाहिरातीला भुलू नका; टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप. हृदयासाठी दीड टेस्ला पुरेसं असतं, कधीकधी उजवंच. फोन करून विचारा : तुमच्याकडे महिन्याला हृदयाचे किती एमआरआय होतात? आणि ते वाचतं कोण? गुडघे आणि कंबर दिवसभर करणाऱ्या ठिकाणी वर्षातून चारदा हृदय करत असतील तर दर कमी असला तरी जाऊ नका. खराब चित्रं आली की तपासणी पुन्हा करावी लागते, म्हणजे खर्च दुप्पट.

प्रत्यक्ष तपासणीला पाऊण ते एक तास लागतो. छातीवर ईसीजीचे पॅच लावतात, कारण हलणाऱ्या हृदयाचं चित्र एका ठोक्यात पूर्ण होत नाही. पैठणी विणताना प्रत्येक फेरीला एकच ओळ भरली जाते आणि कितीतरी फेऱ्यांनी मोर उमटतो; तसं प्रत्येक ठोक्याला थोड्या ओळी भरत जाऊन चित्र पुरं होतं. ठोके अनियमित असले की धागा भलत्याच जागी जातो आणि चित्र विसकटतं. त्यासाठी ठोके संथ ठेवणारी वडिलांची गोळी त्या दिवशी चुकवायची नाही. श्वासाचंही तसंच. दहा-पंधरा सेकंद श्वास सोडून थांबायचं, असं तीस-चाळीस वेळा. घरी चार दिवस आधीपासून सराव करून घ्या. घड्याळ लावा : श्वास घ्या, सोडा, आता थांबा. बऱ्याच मशीनमध्ये सूचना इंग्रजीत रेकॉर्ड केलेल्या असतात. तंत्रज्ञाला आधीच सांगा की मराठीतून बोला. ओळखीच्या भाषेतली सूचना ऐकली की माणूस बरोबर थांबतो, घाबरत नाही.

एक गोष्ट मात्र आधी तपासा : त्यांना सपाट झोपता येतं का? रात्री दोन उशा लागत असतील, झोपल्यावर खोकला किंवा दम येत असेल, तर आधी लघवीची औषधं वाढवून छातीतलं आणि पायातलं पाणी उतरवावं लागेल. सपाट झोपू न शकणारा माणूस दहाव्या मिनिटाला घंटी दाबतो आणि सगळं फुकट जातं. एक-दोन आठवडे थांबलं तर एमआरआयचं काही बिघडत नाही. मात्र औषधं त्यासाठी थांबवायची नाहीत! हृदय अशक्त असताना द्यायच्या चारही गटांच्या गोळ्या आजच सुरू व्हायला हव्यात, रिपोर्टची वाट न पाहता. एवढं एक वाक्य तुमच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा : चारही सुरू आहेत ना?

क्रिएटिनिनची काळजी सोडा. १.४ म्हणजे त्यांच्या वयाला मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता साधारण ६० च्या आसपास येते. गॅडोलिनियमच्या जुन्या प्रकारच्या औषधांनी मूत्रपिंड जवळजवळ बंद पडलेल्या, डायलिसिसवरच्या रुग्णांत त्वचा आणि सांधे आखडवणारा एक दुर्मीळ आजार झाल्याचं २००६ च्या सुमारास लक्षात आलं. त्यानंतर नियम कडक झाले. ही क्षमता ३० च्या खाली असेल तर आम्ही नीट विचार करतो, आणि आजकाल वापरात असलेल्या नव्या प्रकारच्या औषधांत तो धोका फार म्हणजे फारच कमी आहे. अँजिओग्राफीत वापरतात ते आयोडीनचं औषध वेगळं, हे वेगळं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, तेव्हा किरणोत्साराचाही प्रश्न येत नाही. जे काम होतं ते चुंबकाने, शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनला हलवून. त्यातून चित्र उभं करण्याच्या शोधासाठी लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं.

चुंबकाचं मात्र हलक्यात घेऊ नका. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कित्येक हजारपट, आणि तपासणी चालू नसली तरी तो चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाइकासोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि मशीनकडे ओढला जाऊन दगावला. तो रुग्ण नव्हता, सोबत आलेला होता. म्हणून वडिलांसोबत आत जाणाऱ्यानेही खिसे रिकामे करायचे : मोबाईल, चाव्या, नाणी, एटीएम कार्ड, कमरेचा पट्टा. करदोट्यात किंवा दंडात धातूचा ताईत असेल तर तोही. हे वडीलधाऱ्यांना पटवणं अवघड जातं, पण पटवाच.

ज्यांच्या घरी वेगळी परिस्थिती आहे त्यांच्यासाठी थोडं. हृदयातल्या स्टेंटला आणि बदललेल्या झडपांना, धातूच्या असल्या तरी, एमआरआयची अडचण नसते. पेसमेकर असेल तर कार्ड आधी दाखवा. आजचे बरेच पेसमेकर एमआरआय चालणारे असतात, पण तपासणीपुरते त्यांचे सेटिंग बदलावे लागते. मेंदूतली जुनी क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, वेल्डिंग करताना डोळ्यात गेलेला धातूचा कण, हे मात्र न लपवता आधी सांगायचं. ब्लॉक आहेत की नाहीत हे पाहायला एमआरआय नसतो, त्यासाठी सीटी किंवा अँजिओग्राफी. ब्लॉकमुळे स्नायूला रक्त कमी पडतंय का, हे रक्तवाहिन्या फुलवणारं वेगळं औषध देऊन एमआरआयमध्ये तपासता येतं, आणि त्या तपासणीआधी चोवीस तास चहा-कॉफी पूर्ण बंद, कारण चहातलं कॅफीन ते औषध निकामी करतं. सकाळचा एक कप घेऊन आलेल्यांना आम्हाला परत पाठवावं लागतं. तुमच्या वडिलांना या प्रकाराची गरज नाही.

ज्यांना अटॅक येऊन गेलाय त्यांच्यासाठी : वण भिंतीच्या निम्म्याहून अधिक जाडीत गेला असेल तर तिथलं रक्त पुन्हा सुरू करूनही हालचाल परत यायची शक्यता कमी, हे शिकागोच्या डॉक्टरांनी २००० साली ५० रुग्णांत दाखवलं आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यावर विसंबलो. पण २०२२ मध्ये ७०० रुग्णांच्या ब्रिटनमधल्या चाचणीत, पंपिंग फार कमी असलेल्यांना नुसत्या औषधांच्या जोडीला स्टेंट टाकून मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्याने भरती होणं कमी झालं नाही. म्हणून 'स्नायू जिवंत आहे' एवढ्या एका ओळीवर स्टेंटचा निर्णय घेऊ नये, असं माझं आजचं मत आहे.

आणि कसलाही त्रास नसलेल्या माणसाने पॅकेजमध्ये मिळतोय म्हणून हृदयाचा एमआरआय करू नये. त्यात काहीतरी बारीक सापडतं, त्यामागे आणखी चार तपासण्या लागतात आणि धडधाकट माणूस घाबरून बसतो. तेच पैसे रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल नियमित तपासण्यात घाला.

रिपोर्ट आल्यावर त्यात चार गोष्टी आहेत का ते बघा. डाव्या आणि उजव्या दोन्ही कप्प्यांचं पंपिंग आकड्यात. दोन्ही कप्प्यांचं आकारमान शरीराच्या मापाने भागून. इकोत दोन डॉक्टरांच्या मोजणीत पाच-दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो, एमआरआयचा आकडा जास्त भरवशाचा, आणि सहा महिन्यांनी सुधारणा झाली का हे त्याच आकड्याशी ताडून बघायचं असतं. वण आहे की नाही, असल्यास कोणत्या भिंतीत, कोणत्या थरात, अंदाजे किती. आणि शेवटी वाचणाऱ्या डॉक्टरचं मत की हे सगळं कोणत्या आजाराशी जुळतं. 'कृपया क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे' एवढंच लिहून हात झटकलेला अहवाल असेल तर परत जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे. चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्या आणि जपून ठेवा.

रॉडचं राहिलं. हाडात पक्का बसलेला जुना रॉड, टायटॅनियमचा असो वा स्टीलचा, जागचा हलत नाही आणि मांडीतल्या रॉडमुळे छातीतली चित्रं बिघडत नाहीत. आजवर असे रुग्ण आम्ही असंख्य केले आहेत. तरी त्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधून सोबत न्या, कार्ड नसेल तर मांडीचा जुना एक्स-रे न्या, आणि आत असताना मांडीत गरम वाटलं तर लगेच हातातली घंटी दाबायची, हे वडिलांना सांगून ठेवा.